शाळेतली जंताची गोळी घेऊनही टेपवर्म निघाला, आता अँटीऑक्सिडंट सिरप द्यायचं का?

डिचोली तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. दोन-तीन महिने झाले, पोटात दुखतंय म्हणतो, ताटातलं अर्धं टाकतो, चिडचिड करतो, रात्री झोपेत दात खातो. डॉक्टरांनी शौचाची तपासणी करायला सांगितली, त्यात हायमेनोलेपिस नाना नावाच्या छोट्या पट्टकृमीची, म्हणजे टेपवर्मची, अंडी निघाली. प्राझिक्वांटेल या औषधाचा एक डोस लिहून दिलाय, पण तो अजून दिलेला नाही. कारण घरात तीन मतं. नवरा म्हणतो, शाळेत जंताची गोळी दिली होती, मग हा रिपोर्टच चुकला असेल. सासूबाई म्हणतात, शेजारच्यांकडे वाढदिवसाला चोरीस-पाव, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज घातलेला पाव, खाल्ला त्याचं हे. आणि जाऊबाईंचा भाऊ, जो वेलनेस प्रॉडक्ट विकतो, त्याने व्हॉट्सअॅपवर एक लेख पाठवलाय की टेपवर्म झालेल्या मुलांच्या शरीरात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो, म्हणून आधी तीन महिने अँटीऑक्सिडंट सिरप द्या, रक्ताची एक टेस्ट करा, औषध मग बघू, नाहीतर शरीर सोसणार नाही. सिरप महिन्याला साडेतीन हजारांचं. घरात चार वर्षांची धाकटी मुलगीही आहे. आई विचारते, आधी काय देऊ, शाळेत सांगू का, आणि मी एवढी स्वच्छता ठेवते तरी माझ्याच घरात हे कसं आलं?

ताई, सगळ्यात आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. आधी औषध. सिरपची गरज नाही, आधी नाही आणि नंतरही नाही. डॉक्टरांनी डोस लिहून दिलाय तर तो थांबवण्यासारखं तुमच्या पत्रात मला काही दिसलं नाही. एकच गोष्ट, मुलाला आधी कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना सांगून मगच द्या.

आता तुमच्या मिस्टरांची शंका, कारण ती अजिबात वावगी नाही आणि खूप घरांत हाच घोळ होतो. शाळेत जी गोळी देतात ती अल्बेंडाझोल. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमाराला अंगणवाडीत नि शाळेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना ती देतात. कार्यक्रम चांगलाच आहे, मुलांना गोळी घेऊ द्याच. पण तिचा रोख मातीतून येणाऱ्या जंतांवर आहे, म्हणजे गोल जंत, अंकुशकृमी, चाबूककृमी. तुमच्या मुलाच्या पोटात आहे तो वेगळ्या घराण्यातला, त्याच्यावर अल्बेंडाझोलचा एक डोस फारसा चालत नाही. म्हणजे शाळेतली गोळी घेतली हेही खरं आणि रिपोर्टही खरा, दोन्ही एकत्र असू शकतं.

रिपोर्ट चुकण्याबद्दल थोडं सांगते कारण मी स्वतः बरीच वर्षं आरोग्य केंद्राच्या लॅबमध्ये हेच बघायचं काम केलंय. या कृमीचं अंडं मायक्रोस्कोपखाली एकदा नीट बघितलं की ओळखू येतं. साधारण ३० ते ४७ मायक्रॉनचं, एका मिलिमीटरात पंचवीसएक ओळीने बसतील एवढं, लांबट गोल, रंग नसलेलं. बाहेर पातळ कवच, आत दुसरं कवच, त्या आतल्या कवचाच्या दोन्ही टोकांपासून बारीक तंतू निघून मधल्या जागेत पसरलेले, आणि अगदी आत पिल्लू, त्याला सहा बारीक आकडे. स्क्रू हळू फिरवत फोकस खाली-वर केला की ते आकडे जोडीजोडीने दिसायला लागतात. हे दिसलं की बघणाऱ्याला शंका राहत नाही. उलट चूक होते ती दुसऱ्या बाजूने, अंडी असूनही न सापडण्याची, कारण ती रोज सारख्या प्रमाणात पडत नाहीत. म्हणून निगेटिव्ह रिपोर्टवर मी एकदम विश्वास ठेवत नाही, वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने मागते. पण अंडी दिसली म्हणजे दिसली.

सासूबाईंचं म्हणणं मात्र सोडून द्यायला हवं, आणि हे जरा आग्रहाने सांगते, कारण यात शेजारधर्म मोडतो. डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी असतो हे खरं, टीनिया सोलियम, तो काही मीटर लांब वाढतो. आपल्या गोव्यात पूर्वी घरामागच्या संडासात डुकरं असायची, माणसाची घाण डुक्कर खायचं आणि त्याच डुकराचं मांस कच्चट राहिलं तर तो कृमी परत माणसात यायचा, त्यामुळे जुन्या माणसांच्या मनात ही भीती बसली असेल तर मी त्यांना दोष देत नाही. पण तुमच्या मुलाच्या रिपोर्टात तो कृमी नाहीच. हायमेनोलेपिस नानाला डुक्कर लागत नाही, गाय लागत नाही, मांसच लागत नाही. तो माणसाकडून माणसाकडे येतो, आणि शुद्ध शाकाहारी घरातल्या मुलांनाही होतो. शिवाय चोरीस असो नाहीतर सोरपोतेल, नीट शिजलेल्या डुकराच्या मांसातून कुठलाच पट्टकृमी येत नाही. तेव्हा शेजारच्या बाईंशी बोलणं तुटलं असेल तर ते आधी जोडून घ्या. पोराला वाढदिवसाला प्रेमाने खाऊ घातलं होतं त्यांनी.

मग आलं कुठून? शौचातून अंडी पडतात आणि पडल्यापडल्याच ती दुसऱ्याला लागण करायला तयार असतात, हीच या कृमीची वाईट खोड. हाताला, नखाखाली, नळाच्या चावीला, बाथरूमच्या तांब्याला, तिथून तोंडात. मुलं एकमेकांच्या डब्यातलं खातात, एकाच बाटलीला तोंड लावतात, मैदानावरून तसंच येऊन बिस्किटं खातात, एवढं पुरतं. क्वचित पिठातला किडा पोटात गेला तर त्यातूनही येतो. आणि एकदा आत शिरला की मूल स्वतःच स्वतःला परत परत लागण करून घेतं, कधी हातावाटे, कधी अंडी आतड्यातच फुटून. एक एक कृमी महिना-दीड महिनाच जगतो, लांबीला जेमतेम १५ ते ४० मिलिमीटर, पण या चक्रामुळे लागण वर्षानुवर्षं टिकू शकते आणि संख्या वाढत जाते. जगभरात माणसात सगळ्यात जास्त सापडणारा पट्टकृमी हाच आहे आणि तो मुलांतच जास्त. तुमचं घर कसं आहे हे यावरून काहीच ठरत नाही ताई. मूल दिवसाचे पाच-सहा तास घराबाहेर असतं, तिथले सगळे हात तुम्ही धुवू शकत नाही.

आता त्या लेखाकडे येते, कारण तुम्ही सगळ्यात जास्त घाबरलाय त्याने. त्यात जे लिहिलंय ते सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही, आणि इथेच गोम आहे, खरी गोष्ट घेऊन तिच्या शेवटी चुकीचा सल्ला चिकटवलाय.

शरीरात ऑक्सिजन वापरताना काही तिखट, अस्थिर रेणू तयार होतात, त्यांना फ्री रॅडिकल्स म्हणतात. ते सगळ्यांच्या शरीरात रोज बनतात आणि शरीर त्यांना रोज आवरतंही, त्यासाठी आपल्याकडे ग्लुटाथायोन आहे, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज अशी एन्झाइम्स आहेत, अशा आवरणाऱ्यांनाच अँटीऑक्सिडंट म्हणतात. तयार होणं जास्त आणि आवरणं कमी पडलं की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. आतड्यात कृमी असला की आपल्या पांढऱ्या पेशी, विशेषतः इओसिनोफिल आणि मॅक्रोफेज, त्याच्यावर हेच रेणू हत्यार म्हणून सोडतात. हायड्रोजन पेरॉक्साइडसुद्धा त्यातलंच. त्या मारामारीत आजूबाजूच्या आपल्याच पेशींच्या भिंतीतली चरबीही थोडी जळते, आणि ती जळल्यावर मॅलॉनडायआल्डिहाइड नावाचा पदार्थ उरतो, तो रक्तात मोजता येतो. पोटात परजीवी असलेल्या मुलांत तो जास्त आणि अँटीऑक्सिडंट कमी सापडल्याचे अभ्यास आहेत. टेपवर्मही गप्प बसत नाही, त्याला तोंड नाही की पोट नाही, सगळं तो अंगाच्या त्वचेतूनच शोषतो, आणि आपला मारा निष्प्रभ करायला त्याच्याकडे स्वतःची एन्झाइम्स असतात.

इथपर्यंत बरोबर. पण यावरून आधी सिरप द्या हे कसं निघालं? धूर येतोय म्हणून कोणी खिडकीत पंखा लावून बसत नाही, आधी आग विझवतो. कृमी आत आहे तोवर पेशी लढत राहणार आणि ते रेणू बनत राहणार, तुम्ही वरून कितीही सिरप ओता. तीन महिने थांबलात तर त्या तीन महिन्यांत मूल स्वतःला परत लागण करून घेईल, कृमी वाढतील, धाकटीलाही देईल. म्हणजे ज्या स्ट्रेसची भीती घातली तोच वाढवायचा हा रस्ता झाला.

अजून एक गोष्ट त्या लेखात कोणी सांगत नाही. ज्या मुलांत कृमी जास्त सापडतात त्यांच्यात बऱ्याचदा कुपोषणही असतं, रक्त कमी असतं, वरचेवर जुलाब होतात, आणि या प्रत्येक गोष्टीने ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो. तेव्हा रक्तात वाढलेल्या आकड्यातला किती वाटा कृमीचा आणि किती बाकीच्याचा हे वेगळं काढणं सोपं नाही. आणि मुलाचं शरीर औषध सोसणार नाही हे तर कशाच्याच आधारावर म्हटलेलं नाही. प्राझिक्वांटेल देण्याआधी अँटीऑक्सिडंट द्यायची कुठली पद्धत नाही.

ती रक्ताची टेस्टही करू नका. हे आकडे संशोधनात एका गटाची दुसऱ्या गटाशी तुलना करायला कामाला येतात. एका मुलाचं औषध त्यावरून ठरत नाही, साधा ताप असला तरी ते हलतात. आकडा जास्त आला तर औषध प्राझिक्वांटेल, कमी आला तरी प्राझिक्वांटेल, मग पोराला सुई कशाला टोचायची. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन सांगितलं तर ते मात्र करा, त्याचा उपयोग आहे.

सिरपच्या बाटलीवर काय काय आहे ते मला तुम्ही लिहिलेलं नाही, पण अशा बाटल्यांत बहुतेक वेळा व्हिटॅमिन ए, ई, सी, सेलेनियम, झिंक यांचं मिश्रण असतं. ए आणि ई चरबीत विरघळणारी आहेत, जास्तीची लघवीवाटे निघून जात नाहीत, शरीरात साठतात, आणि व्हिटॅमिन ए जास्त झालं तर यकृताला त्रास होतो. अंगणवाडीत व्हिटॅमिन एचे डोस पाच वर्षांपर्यंत देतात, म्हणजे धाकटीला ते मिळत असतील, तर तिला हे सिरप चाखायलाही देऊ नका. नातेवाईकाला नाही म्हणायचं अवघड जातं मला कळतं, घरात जाऊबाईंसमोर बसायचं असतं, पण डॉक्टरांनी औषध लिहून दिलंय, आधी तेच द्यायचंय एवढं एक वाक्य पुरे आहे, ते खरंही आहे.

साडेतीन हजारांत तुमच्या स्वयंपाकघरात काय येईल ते बघा. पेरूत संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त व्हिटॅमिन सी असतं आणि परसात झाड असेल तर फुकट. तांबडी भाजी, पपई, शेवग्याची पानं. ग्लुटाथायोनचं जे एन्झाइम काम करतं त्याला सेलेनियम लागतं, ते बांगडा-तारल्यांत भरपूर आहे, आणि झिंकसाठी अंडं, अळसांदे म्हणजे आपली चवळी, चणे. सकाळी नाचण्याचं तिझण, दुपारी शीत-हुमण म्हणजे भात नि माशांची आमटी, आणि सोलकढी. हे काही मी औषध म्हणून सांगत नाहीये, याने कृमी मरत नाही. पण दोन-तीन महिने अर्धपोटी राहिलेल्या पोराचं अंग यानेच भरून येतं. आणि गोड बंद करू नका, गोड खाल्ल्याने जंत होतात हे खरं नाही. सासूबाई मुलाला वावडिंगाचं पाणी देऊ म्हणत असतील तर तेही मी गोळीच्या जागी चालवून घेणार नाही. दात खाण्याचं म्हणाल तर ते जंत नसलेली मुलंही खातात, औषधानंतर ते थांबलं नाही म्हणून गोळी लागू पडली नाही असं समजू नका.

आता डोस कसा द्यायचा. या कृमीसाठी साधारण दर किलो वजनाला २५ मिलिग्रॅम एकदाच देतात, म्हणजे २० किलोच्या मुलाला ५०० मिलिग्रॅम. तुमच्या कागदावरचा आकडा डॉक्टरांनी मुलाच्या वजनावरून काढला असेल, तोच पाळा. गोळी भयंकर कडू असते, चघळू देऊ नका, जेवणासोबत पाण्याने लवकर गिळायला लावा, तुकडे करायचे झाले तर कसे करायचे ते फार्मसीत विचारून घ्या. सुट्टीच्या दिवशी द्या, कारण काही मुलांना त्या दिवशी चक्कर, मळमळ, डोकं दुखणं किंवा पोटात दुखणं होतं आणि ते बहुतेक स्वतःहून जातं. दुसऱ्या दिवशी शौचात कृमी दिसला नाही तर घाबरू नका. एक तर हा कृमी मुळातच बारीक, आणि या औषधाने तो आतच विरघळल्यासारखा होतो, अख्खा बाहेर पडायची वाट बघत बसू नका. काही वेळा डॉक्टर थोड्या दिवसांनी दुसरा डोस देतात, त्यात औषध हरलं असं काही नाही.

धाकटीचा नमुना याच आठवड्यात द्या, आणि जमलं तर घरातल्या सगळ्यांचा, सासूबाईंचासुद्धा, त्यांना वाईट वाटणार नाही अशा बेताने सांगा. नाहीतर मुलाला बरं करायचं आणि बहिणीकडून तो परत आणणार. तिच्या वयाला-वजनाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, दादाची उरलेली अर्धी गोळी तिला देऊ नका.

त्याच दिवसापासून घरात थोडं कडक राहा. सगळ्यांची नखं कापा, संडासाहून आल्यावर आणि जेवायच्या आधी साबणाने हात, नुसतं पाणी ओतून चालणार नाही. टॉवेल वेगळे. चड्ड्या, चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा, कारण ही अंडी सुकी पडली की मरतात, ओलाव्यात मात्र बाहेर दहा दिवसांपर्यंत टिकू शकतात, म्हणून पावसाळ्यात कपडे दमट राहतात तेव्हा जास्त जपायचं. पीठ चाळून घ्या, उंदीर येत असतील तर धान्य झाकून ठेवा. पिण्याचं पाणी विहिरीचं असेल तर उकळून प्या. आपल्याकडे जांभ्या दगडाची जमीन, पाणी तिच्यातून सहज झिरपतं, आणि सोकपिट, म्हणजे संडासाचा शोषखड्डा, विहिरीजवळ असेल तर पहिल्या मोठ्या पावसात काय होत असेल ते तुम्हीच ओळखा. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकण्याबद्दल आरोग्य केंद्रात विचारा. ती बाकी रोगांसाठी टाकायचीच, पण कृमींची अंडी क्लोरिनला फारशी दाद देत नाहीत, तेव्हा उकळणं चुकवू नका.

शाळेत सांगायचं का? सांगा, पण बाईंना एकटीला गाठून. वर्गात नाव घेऊ नका एवढं म्हणा, आणि नळाजवळ साबण असतो का, मध्यान्हीच्या पाव-भाजीच्या आधी मुलं हात धुतात का एवढंच विचारा. वर्गातल्या आणखी कोणाचं पोट दुखत असेल तर त्या आईला तपासणीचं सुचवता येईल. मुलाला घरी बसवायची गरज नाही, आणि त्याला स्वतःला हे कळता कामा नये की आपल्यात काही घाण आहे. सात वर्षांचं पोर असं बोलणं लक्षात ठेवतं.

एवढ्यात त्याला फिट आली, सतत जोरात डोकं दुखून उलट्या व्हायला लागल्या, शौचात रक्त दिसलं, किंवा वजन झपाट्याने उतरलं तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा किंवा थेट म्हापशाचं जिल्हा इस्पितळ नाहीतर बांबोळीचं जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, गाठा. हे सहसा या छोट्या कृमीचं लक्षण नसतं, वेगळं काहीतरी शोधावं लागेल, कदाचित टीनिया सोलियमची अंडी पोटात जाऊन मेंदूत होणाऱ्या गाठीसुद्धा, आणि त्या शाकाहारी माणसालाही होतात.

डोस दिल्यानंतर साधारण महिन्याने, किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा, शौच परत तपासून घ्या. नमुना सकाळचा, ताजा, कोरड्या स्वच्छ डबीत, त्यात लघवी किंवा संडासातलं पाणी मिसळू देऊ नका, आणि एक-दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. चमचाभर पुरतो, डबी भरून आणायची गरज नाही. डबीवर नाव आणि तारीख घाला, आणि काउंटरवर सांगा की आधी हायमेनोलेपिस निघाला होता, म्हणजे बघणारी व्यक्ती स्लाइडवर थोडा जास्त वेळ देईल. पहिला निगेटिव्ह आला तरी दोन-तीन दिवसांच्या अंतराने आणखी दोन द्या. तिन्ही निगेटिव्ह आले की मला दोन ओळी लिहून कळवा, धाकटीचं काय निघालं तेही.